पाठमोरा निकाल

१

मी काय काम करते हे सांगितलं की माणसं आधी ‘हो का’ म्हणतात आणि मग विषय बदलतात. जुने व्हॉल्व्हचे, म्हणजे आत काचेच्या तापणाऱ्या नळ्या असलेले, अँप्लिफायर मी ओळखते. त्यातही बेस गिटारचे. गाण्यातली जी वाद्यं सगळ्यांना ऐकू येतात त्यांचे नव्हेत, तर जे वाजायचं थांबलं की मगच काहीतरी कमी झाल्यासारखं वाटतं त्या वाद्याचे. शेजारचा सुतार कुणाशी ओळख करून देताना सांगतो, “या बाई खोकी पारखतात.” मी त्याला कधी दुरुस्त केलं नाही, कारण काम खरं तर तेवढंच आहे.

एखादा अँप समोर आला की तो कुठल्या काळातला, कारखान्यातून निघाला तसाच आहे की मध्ये कुणी त्याच्या पोटात हात घातलाय, हे मी सांगायचं असतं. बाहेरचं रेक्झिन, जाळीचं कापड, नॉब हे सगळं बदलता येतं, म्हणून त्याच्याकडे मी फारसं बघत नाही. मागची फळी काढायची, पत्र्याचा सांगाडा बाहेर ओढायचा आणि आत बघायचं. ट्रान्सफॉर्मरवरचे शिक्के एकमेकांशी जुळतात का, वायरी कशा वळवल्यात, वायरी सांधणारा सोल्डरचा डाग दुसऱ्यांदा तापवल्याच्या खुणा आहेत का. आतल्या भागांवर ओतलेल्या जुन्या मेणाला एक वास असतो, तो नव्याने आणता येत नाही. एवढं झालं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं कानाचं.

कानाच्या कामाची आम्हा दोघी बहिणींची एक रीत होती. माझ्याकडे एक अँप होता, ज्याच्या अस्सलपणाबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. त्याला आम्ही ‘घरचा’ म्हणायचो. तपासायला येईल तो ‘पाहुणा’. दोघांना शेजारी ठेवायचं, मध्ये पायाने दाबायचा स्विच, आणि समोर खुर्चीवर ताई बेस घेऊन बसायची. ती एकच चाल वाजवायची, कधी घरच्यातून, कधी पाहुण्यातून, मनाला येईल तशी. मी त्या वेळी भिंतीकडे तोंड करून स्टुलावर. चाल संपली की कोणता कोण ते मी लगेच सांगायचं, विचार न करता. विचार केला की डोकं मध्ये तोंड घालतं आणि त्याला जे हवंय तेच कानांना ऐकू यायला लागतं. पाठमोरं बसून दिलेला निकाल बदलायचा नाही, हा ताईचा नियम होता.

“तोंडातून गेलं ते गेलं, बारके,” ती म्हणायची. माझे केस पांढरे झाले तरी मी बारकीच होते.

२

ताईने उमेदीची सगळी वर्षं बेस वाजवण्यात घालवली. स्टेजवर मागे, ड्रमवाल्याच्या शेजारी, दिव्यांचा उजेड संपतो तिथे ती उभी असायची. तिला त्याचं काही वाटत नसे. “नाव पुढच्यांचं होऊ दे, मला घरी जाऊन झोपायचंय,” असं म्हणायची आणि खरंच सगळ्यांच्या आधी घरी यायची. पण तिच्या डाव्या हाताकडे बघायला इतर बेसवाले मुद्दाम बाजूला येऊन उभे राहत, हे मी पाहिलेलं आहे.

मग एका सकाळी पेस्टची ट्यूब तिच्या डाव्या हातातून पडली आणि ती उचलायला हात गेलाच नाही. पक्षाघाताचा झटका सौम्य होता असं डॉक्टर म्हणाले. कुणासाठी सौम्य, ते त्यांनी सांगितलं नाही. चालणं परत आलं, बोलणं परत आलं, डाव्या हाताची दोन बोटं परत आली. उरलेली दोन आली नाहीत, करंगळी तर मुळीच नाही. मी तिला माझ्याकडे आणलं. खाली कामाची खोली, वर आमचं घर.

चाचणीची चाल तिनेच तरुणपणी बसवलेली होती. तिच्या तुकड्यांना आम्ही नावं ठेवली होती: दोन पायऱ्या, मग उंबरा, मग वळण आणि शेवटी घसरण. पायऱ्या म्हणजे खालून वर चढणारे सूर. उंबऱ्यावर एक सूर धरून थांबायचं. वळण म्हणजे वळण. आणि घसरण म्हणजे करंगळी तारेवर दाबून, वरून थेट तळापर्यंत ओढत आणायची. ती घसरण ऐकली की पोटात हलायचं.

आजारपणानंतर ताई दोन बोटांनी पायऱ्या चढायची, उंबऱ्यावर थांबायची, कसंबसं वळण घ्यायची आणि घसरणीपाशी आली की तोंडाने म्हणायची, “वगैरे.”

सुरुवातीला आम्ही दोघी हसलो. पुढे सवय झाली. मला मात्र त्या ‘वगैरे’चं फार वाईट वाटायचं आणि ते मी तिला कळू दिलं नाही. आता कुठला वाद्यवृंद तिला बोलावणार नव्हता. माझ्या मागच्या खोलीत दुपारी वाजवायची एवढीशी चाल हेच तिचं वाजवणं उरलं होतं, आणि तेवढं तरी तिच्याकडे राहावं एवढीच माझी इच्छा होती.

३

तो पाहुणा दातांच्या डॉक्टरांनी आणला. त्यांना जुने अँप जमवायचा नाद आहे, वाजवता एक सूर येत नाही.

“बाई, जन्मभर लोकांना खोटे दात बसवले,” सुताराच्या मदतीने तो आत आणून ठेवत ते धापा टाकत म्हणाले, “एक वस्तू तरी घरात अस्सल असू दे.”

“मिळाला कुठे?”

“जुना नाचाचा हॉल पाडत होते, तिथून.”

“कोण वाजवायचं यावर?”

“मला काय माहीत? मी फक्त उचलला. तेवढ्यात कंबर गेली माझी.”

ते गेल्यावर मी तो उघडला. शिक्के जुळत होते. वायरी कारखान्यातल्या हाताने वळवलेल्या, डाग पहिलेच, मेणाचा वास अगदी हवा तसा. व्हॉल्व्हच्या काचांना आतून आलेला काळपटपणासुद्धा वयाला शोभणारा. इतका हात न लागलेला अँप मी आजवर पाहिला नव्हता. दोष काढायची सवय असलेल्या माणसाला असं काही समोर आलं की जरा चुकल्याचुकल्यासारखं होतं.

मग मी तो चालू केला. या अँपना दोन स्विच असतात. पहिल्याने व्हॉल्व्ह तापतात, दुसऱ्याने आवाजाला वाट मिळते. दुसरा दाबला की प्रत्येक व्हॉल्व्हचा अँप थोडं घूं करतो. घरचाही करायचा. पाहुण्याने केलं नाही. दिवा लागला होता, व्हॉल्व्ह केशरी झाले होते, सगळं जागच्या जागी होतं. मी गुडघ्यांवर बसून जाळीला कान लावला.

रिकाम्या खोलीतली शांतता वेगळी असते आणि कुणी गप्प बसलंय अशा खोलीतली वेगळी. ही दुसरी होती. मी पटकन कान काढला, आतले, घूं दाबणारे कपॅसिटर फार चांगल्या स्थितीत असणार अशी मनाची समजूत घातली आणि वर चहा करायला गेले.

४

सुताराची करवत जेवणाच्या सुट्टीत थांबते. तेवढ्या वेळात आम्ही कानाचं काम उरकायचो. मागच्या खोलीच्या भिंतींना मी जुन्या गाद्या ठोकल्यात, खिडकी बंद केली की रस्ता ऐकू येत नाही. ताई जिना उतरून आली, खुर्चीत नीट बसली, बेस मांडीवर घेतला. “कुठला बागुलबुवा आणलाय दातवाल्याने?” तिने विचारलं. मी हसले आणि भिंतीकडे तोंड केलं.

पहिल्यांदा तिने वाजवलं ते घरच्यातून. मी तसं सांगितलं. पुन्हा घरच्यातून. तेही सांगितलं. तिसऱ्यांदा पहिली पायरी आली आणि मला कळलं की हा पाहुणा. सूर किंचित उशिरा यायचा आणि आल्यावर फुलायचा, जुने चांगले अँप करतात तसा. दुसरी पायरी. उंबरा. वळण.

आणि घसरण आली. वरपासून तळापर्यंत, कुठे न अडखळता, खोलीच्या फरशीतून माझ्या स्टुलात शिरणारी. आणि तिच्यावरच, त्याच क्षणी, ताईचा आवाज:

“वगैरे.”

क्षणभर मला नुसता आनंद झाला. करंगळी आली! ताईच्या हाताचा व्यायाम घेणाऱ्या बाईंना फोन करायला हवा, असं मनात आलंसुद्धा. मग लक्षात आलं, जिने घसरण वाजवली ती ‘वगैरे’ कशाला म्हणेल?

मी वळले. ताईचा डावा हात बेसच्या मानेवर होता तिथेच होता. दोन बोटं तारेवर, दोन नेहमीसारखी आत मुडपलेली. ती माझ्याकडे बघत नव्हती. जाळीच्या कापडाकडे बघत होती.

“तू केलंस?” मी विचारलं.

“मी कशी करणार?”

“मग काय होतं ते?”

“तज्ज्ञ तू ना? तू सांग.” ती हे चेष्टेने म्हणाली, पण जाळीवरची नजर हलली नाही.

५

मी शोधायला लागले. जुन्या व्हॉल्व्हपैकी एखादा हलक्या कानाचा निघतो, त्याला टिचकी मारली तरी स्पीकरमधून टण्‌ असं ऐकू येतं. मी सगळे व्हॉल्व्ह बदलून माझे घातले. कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठून राहते, नवख्याला तिचा चांगला दणका बसतो. मी ती रीतसर उतरवली. वायर बदलली, स्विच बदलला, दोघांच्या जागा बदलल्या. पुन्हा ताईने वाजवलं, पुन्हा पाहुण्यातून घसरण आली, “वगैरे” म्हणायच्या आत.

साठलेलं बाहेर येतं हे मी समजू शकते. पण जे आत गेलंच नाही ते बाहेर कसं येईल?

एकदा ती वर झोपलेली असताना मीच बेस घेऊन बसले. मला जेमतेम येतं. चाल वाजवली, घसरणीच्या आधी थांबले आणि वाट बघितली. काहीही झालं नाही. माझे ओबडधोबड सूर जसेच्या तसे परत मिळाले. दहा प्रकारे करून पाहिलं. मला त्या खोक्यातून कुणीच उत्तर दिलं नाही आणि खरं सांगायचं तर मला थोडं अपमान झाल्यासारखंही वाटलं.

दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. “काय बाई, अक्कलदाढ निघाली की नाही अजून?” मी म्हटलं, जरा वेळ लागेल. खोटं नव्हतं ते. तोवर ताई मी बोलवायच्या आधी खाली येऊन बसायला लागली होती. करवत थांबली की जिन्यावर तिची पावलं. जेवण अर्धवट टाकून यायची.

आणि मग एका दुपारी घरच्या अँपमधून मला दोन पायऱ्या ऐकू आल्या, उंबरा ऐकू आला आणि ती म्हणाली, “वगैरे.”

मी थांबले. “ताई, वळण राहिलं.”

“कुठलं वळण?”

आधी वाटलं थट्टा करतेय. वळून बघितलं तर ती खरंच विचारत होती. कपाळाला आठी, एखादा शब्द ओठावर येऊन अडकतो तेव्हा पडते तशी. मी तोंडाने गुणगुणून दाखवलं. तिने मान डोलावली, बोटं तारेवर ठेवली, पण बोटांना कुठे जायचं ते ठाऊक नव्हतं. मग तिने पायाने स्विच दाबला. पायऱ्या, उंबरा, आणि तिचा हात थांबल्यावरही पाहुण्यातून वळण आलं. नुसतं वळण नाही. आत एक छोटी मुरकी, जी ती तरुणपणी घ्यायची आणि गेल्या कित्येक वर्षांत मी विसरूनही गेले होते. मग घसरण.

ताईच्या चेहऱ्यावर हसू होतं.

६

उंबरा पुढच्याच आठवड्यात गेला. मग एक पायरी. ‘वगैरे’ सुरुवातीकडे सरकत होतं आणि त्याच्या पुढचं सगळं खोक्यात जात होतं. घरच्या अँपवर ती आता एखादा सूर छेडायची आणि गोंधळून थांबायची. पाहुण्यावर तोच सूर छेडला की पुढची सगळी चाल आपोआप, सुंदर, तिच्या भर उमेदीच्या वर्षांतली.

मी प्लग काढला, वायर गुंडाळली, वरून चादर टाकली. “उद्या डॉक्टरांना घेऊन जायला सांगते,” मी म्हटलं.

“का?”

“ताई, ते तुझं काढून घेतंय. तुला कळत नाहीये का?”

“काढून घेतंय की सांभाळतंय?” ती शांतपणे म्हणाली. “बस इथे. उगाच उभी राहून ओरडू नकोस.”

मी बसले. मोठी बहीण ‘बस’ म्हणाली की गुडघे आपोआप वाकतात.

“मी दोन बोटांनी वाजवते ना, ती माझी नक्कल आहे,” ताई म्हणाली. “वाईट नक्कल. तुझ्याकडे असलं काही तपासायला आलं असतं तर तू फळीसुद्धा न उघडता परत पाठवलं असतंस.”

“माणूस म्हणजे खोकं नव्हे.”

“ते सुताराला सांग.”

मला हसू आलं आणि लगेच रडूही. ती माझ्या पाठीवरून उजवा हात फिरवत राहिली. मला भीती वाटत होती. पण दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे. करवत कधी थांबते याची मीही रोज वाट बघत होते. माझी बहीण पुन्हा वाजवत होती. ती कुठून वाजवतेय याचा विचार भिंतीकडे तोंड केल्यावर मागे पडायचा. ती मला ऐकायला हवी होती.

“शेवटचं एकदा,” ताई म्हणाली. “मग दे दातवाल्याचा दातवाल्याला.”

७

तिने सांगितलं तसं मी सगळं लावलं. बेसची वायर घरच्या अँपमध्ये. मधला स्विच काढून टाकला. पाहुण्याला फक्त विजेचा प्लग, बाकी काही जोडलेलं नाही.

“त्यातून मग काय येणार आहे?” मी विचारलं.

“मग तुला सोपंच आहे. दोनदा ऐकायचं. पहिलं की दुसरं, अस्सल कोणतं, एवढंच सांग.”

मला वाटलं, बरंच झालं. वायर नाही म्हणजे आवाज नाही. तिचीही खात्री पटेल आणि हा विषय इथेच मिटेल. मी स्टुलावर बसले आणि गादीच्या कापडावरचे पट्टे बघत राहिले. शेजारची करवत थांबली.

पहिलं सुरू झालं. एक सूर. मग खूप वेळ काही नाही. बोट तारेवर काहीतरी शोधत असल्याची खरखर. दुसरा सूर, चुकीचा, दाबलेला, तार बेसच्या मानेवरच्या पट्टीला लागून झणझणली. खुर्ची करकरली. एक सुस्कारा. बस, एवढंच.

मग दुसरं सुरू झालं. पहिली पायरी, दुसरी पायरी, घाई नाही की आळस नाही. उंबऱ्यावर तो सूर इतका वेळ धरला की गाद्यांच्या मागची भिंतही त्याच्याबरोबर घुमायला लागली. वळणाच्या आधी तिने श्वास घेतला. ताई नेहमी घ्यायची, नाकाने, अर्धा. मी तिच्याबरोबर एका खोलीत वाढले, पलीकडच्या खाटेवरून तो श्वास ऐकत झोपले. मग मुरकी आणि मग घसरण, आणि माझ्या पोटात हललं. वायर, प्लग, पाहुणा, यातलं काही माझ्या डोक्यात नव्हतं. कानांना विचारलं होतं आणि कानांनी सांगितलं.

“दुसरं,” मी म्हटलं.

शब्द संपायच्या आत मला कळलं मी काय बोलले ते. मी पाठमोरीच राहिले. “नाही, थांब, ताई...” असं म्हटलं असावं. मागे लाकूड फरशीवर अलगद टेकल्याचा आवाज झाला. तिने बेस खाली ठेवला होता.

“बरं,” ताई म्हणाली. कुणी भाव सांगितल्यावर म्हणावं तसं.

मी वळले. पाहुणा घूं करत होता. पहिल्यांदाच, हळू, एकसारखं, चांगल्या अँपने करावं तसं. जाळीचं कापड आत-बाहेर होत होतं. आणि मग, मी जे पाहिलं ते एवढंच: कापडावर आतून चार ठिकाणी दाब आला, ओळीने, शेवटचा सगळ्यात लहान. पहिले तीन विरले. लहान दाब तसाच राहिला आणि हळूहळू कापडावरून खाली, अगदी तळापर्यंत, ओढत नेल्यासारखा गेला.

मी प्लग उपटला तेव्हा भिंतीतला पॉइंट हलला. ताई शेजारी बसून हे सगळं बघत होती, दुसऱ्याच्या घरी काही बिघडलं की आपण बघतो तशी.

८

तिचा हात सुधारतोय. व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणतात, इतक्या उशिरा अशी सुधारणा त्यांनी फारशी पाहिलेली नाही. ती स्वतःची बटणं लावते, वेणी घालते, झाकणं उघडते. भूक चांगली आहे, झोप चांगली आहे. माझी चेष्टा करते, सुताराशी गप्पा मारते. कुणी भेटायला आलं तर म्हणतं, ताई किती छान दिसतेय. खरंच दिसते.

मी तिच्या मांडीवर बेस ठेवून पाहिला. तिने तो उलटा धरला. “केवढं जड आहे गं! मला कुठे येतं हे?” असं म्हणून कौतुकाने त्याच्यावरून हात फिरवला आणि परत दिला. मी चाल गुणगुणले. “गोड आहे. कुणाची?” तिने विचारलं. मी जिना उतरून खाली गेले आणि मागच्या खोलीत, गादीला डोकं टेकून, पोटभर रडले.

दातांच्या डॉक्टरांना मी घरचा अँप देऊन टाकला.

“अहो, पण हा तर तुमचा,” ते म्हणाले.

“तुम्हाला अस्सल हवा होता ना? हा आहे. माझ्या जबाबदारीवर.”

“आणि तो? खोटा निघाला?”

मी म्हटलं, त्याच्याबद्दल माझा निकाल देऊन झालाय. त्यांना काही कळलं नाही, पण फायद्यातच होते, म्हणून फार खोलात शिरले नाहीत.

पाहुणा जिन्याखाली आहे. वायर गुंडाळलेली, व्हॉल्व्ह काढून वरच्या कपाटात ठेवलेले. मोडीत काढावा असं अनेकदा मनात आलं. पण मोडायचं म्हणजे काय मोडायचं, हा विचार आला की हातातला पाना खाली ठेवते. तो कुणाला देववत नाही आणि त्याच्याजवळ बसवतही नाही. कानाची कामं मी आता घेत नाही, फळी उघडून जेवढं दिसतं तेवढंच सांगते.

काल दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात मटार सोलत बसलो होतो. ताई दोन्ही हातांनी सोलत होती, माझ्यापेक्षा भरभर. शेजारची करवत थांबली.

“खाली कुणीतरी वाजवतंय गं,” ती म्हणाली.

“सुताराचा रेडिओ असेल.”

“छे, रेडिओ नाही. हाताने वाजवतंय. ऐक तरी.”

मी ऐकलं. दोन पायऱ्या, उंबरा, वळण, घसरण. तिथे ते थांबलं नाही. घसरणीच्या तळाशी पोचून पुढे गेलं, ताई जिथे कधीच गेली नव्हती अशा सुरांतून, चाचपडत, मग सावरत, नवीन काहीतरी बसवत असल्यासारखं. फार सुंदर होतं. आणि मग एकदम थांबलं. चाचणीची चाल वाजवून झाली की ताई माझ्या निकालाची वाट बघत थांबायची, तेवढंच, तसंच.

“काय छान हात आहे,” ताई म्हणाली. तिच्या बोटांत उघडलेली शेंग होती, करंगळी सरळ. “कोण असेल? तुला ओळखू येतं ना हे सगळं?”

मी तिच्याकडे बघितलं नाही. खाली सगळं शांत होतं, कुणी गप्प बसलंय अशा खोलीसारखं.

“नाही गं,” मी म्हटलं. “नाही ओळखू येत.”

ताईने दाणे पातेल्यात टाकले आणि दुसरी शेंग घेतली. खाली ते पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू झालं.